वाईट सिनेमावर मराठी टवाळी-ट्रॅक : आमचा रो-मॅन कुणालाच का हसवत नाही?

सुशेगाद_शास्त्रज्ञ · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, एक रडगाणं घेऊन आलोय.

आम्ही तिघे मित्र, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, दुसऱ्याचं औषधांचं दुकान आहे, तिसरा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, सध्या सुट्टीवर घरी. मे महिन्यात तिघांनी मिळून एका भयंकर वाईट विज्ञानपटावर मराठीत विनोदी कॉमेंटरी रेकॉर्ड केली. सिनेमा तुम्ही तुमच्या टीव्हीवर लावायचा, आमची फाईल मोबाईलवर सुरू करायची, की शेजारी तीन टवाळ बसून बडबडताहेत असं वाटतं.

कल्पना आमची नाही. अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका छोट्या चॅनलवर २४ नोव्हेंबर १९८८ला 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. एक माणूस आणि दोन बाहुले-रोबो पडद्याच्या तळाशी सावल्या होऊन बसतात आणि सिनेमाची सालं काढतात. पुढे त्याच मंडळींपैकी काहींनी २००६पासून 'रिफट्रॅक्स' नावाने नुसता आवाज विकायला काढला. सिनेमाचे हक्क घ्यायची भानगडच नको, सिनेमा तुमचा तुम्ही मिळवा. आम्ही हा दुसरा मार्ग धरला.

सिनेमा 'रोबॉट मॉन्स्टर', १९५३चा. परग्रहावरचा रो-मॅन येऊन किरणांनी पृथ्वीवरची सगळी माणसं मारतो, उरतात फक्त आठ. त्या आठांना शोधणं हे त्याचं काम. पण निर्मात्याकडे रोबोसाठी पैसे नव्हते आणि एका नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. म्हणून परग्रहवासी म्हणजे गोरिला, डोक्यावर पाणबुड्यासारखं हेल्मेट, त्याला अँटेना. राहतो गुहेत. गुहेच्या तोंडाशी टेबलावर एक यंत्र, त्यातून साबणाचे फुगे येतात. का येतात ते शेवटपर्यंत कळत नाही, पण श्रेयनामावलीत फुग्यांच्या यंत्राचं नाव आहे!

एवढं आयतं ताट समोर असताना आमचा ट्रॅक सपशेल पडला. पंधरा जणांना पाठवला. कोणी हसलं नाही. बायकोने बारा मिनिटं ऐकलं आणि आठळ्या सोलायच्या आहेत म्हणून उठून गेली. ४१२ विनोद लिहिले होते, मोजून. कुठे चुकलं? की मराठीला हा प्रकारच मानवत नाही?

ऐकायचा असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

म्हापशाचा_शुक्रवार · १०:३१

आठळ्या सोलणं हा समीक्षेचा नवा मापदंड. मी पयलो.

---

काजूबी · १०:४०

व्यनि केलाय. गोरिला आणि हेल्मेट वाचूनच हसले. म्हणजे माल चांगला आहे, दुकानदारांत काहीतरी गडबड आहे. हलके घ्या.

---

मांडवीपल्याड · १०:५८

हा गोरिला म्हणजे चवदिशीच्या पहाटे जाळायला केलेला नरकासूर वाटतो. वाड्यावरच्या पोरांचे पैसे मानेपर्यंत पुरले आणि डोकं कुणाच्या तरी स्कूटरवरून आणलं.

---

पुणेरी_पाहुणा · ११:२०

थोडी माहिती. चालत्या चित्रावर जिवंत माणसाने बोलणं ही गोष्ट १९८८च्या फार आधीची आहे. जपानात मूकपटांच्या काळात 'बेन्शी' असत. पडद्याशेजारी उभं राहून ते गोष्ट सांगत, सगळ्यांचे आवाज काढत. लोक नटांपेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. अकिरा कुरोसावाचा मोठा भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि ती कला बुडाली.

१९६६मध्ये वुडी ॲलनने एक जपानी हेरपट घेऊन त्यावर इंग्रजीत भलतेच संवाद चढवले, 'व्हॉट्स अप, टायगर लिली?' या नावाने. आणि गंभीर कॉमेंटरी-ट्रॅक सुरू झाला १९८४ला, लेझरडिस्कवरच्या 'किंग काँग'पासून. लेझरडिस्क म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती, तिला आवाजाच्या दोन वाटा होत्या. एक मोकळी होती, तिथे अभ्यासकाला बसवलं.

तेव्हा धागाकर्त्याने आधी परंपरेचा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

---

म्हापशाचा_शुक्रवार · ११:२४

म्हणजे तिथेही गोरिलाच! परंपरा कळली.

---

काजूबी · रविवार, सकाळी ९:०५

ऐकला. प्रामाणिकपणे सांगू का सुशेगादबाब? रागावू नका.

माझ्याकडे भावाने स्विंडनहून पाठवलेली डीव्हीडी आहे. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग तुम्ही "आला आला, भिकाऱ्याचा हनुमान आला" असं ओरडता तेव्हा पडद्यावर प्राध्यापकाची बायको उभी आहे. हिरॉइन येते तेव्हा तुम्ही म्हणता, "याला आधी दाढी करायला सांगा." शेवटी शेवटी तर पडद्यावर भलतंच चाललंय आणि तुम्ही डायनोसॉरबद्दल बोलताय. मला वाटलं हाच विनोद आहे, काहीतरी नवनाट्य वगैरे.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · ९:३०

काय सांगता! आमच्याकडे तर एकेक वाक्य टाचणीवर बसतंय. तुम्ही फाईल नेमकी कधी सुरू केली?

---

काजूबी · ९:३४

तुम्ही सांगितलं तिथेच. नाव पडद्यावर उमटलं की.

---

वायरमन · १०:१०

काजूबी, डीव्हीडी इंग्लंडची म्हणजे पालची. पाल ही टीव्हीवर चित्र दाखवायची एक पद्धत. रोग सापडला.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं असा काढलेला असतो. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं. तिकडे जास्तीचं चित्र कुठून आणणार? मग सगळा सिनेमाच थोडा जोरात पळवतात. साधारण चार टक्के. नुसतं बघणाऱ्याला समजत नाही, आवाज किंचित बारीक होतो एवढंच. पण सुशेगादबाब, तुमचा ट्रॅक २४च्या चालीने चाललाय आणि काजूबीचा सिनेमा २५च्या. दहा मिनिटांत २४ सेकंदांचा फरक पडतो. ६६ मिनिटांच्या सिनेमात शेवटी अडीच मिनिटांवर जातो. गोरिला येऊन, चहा पिऊन गेल्यावर तुमचा विनोद पोचणार.

उपाय: ऑडॅसिटीत (आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाईल उघडा, 'चेंज टेम्पो' घ्या, ४.१६७ टक्के वाढवा. 'चेंज स्पीड' नको, तुमचे आवाजही किंचित बारीक होतील. पालवाल्यांसाठी ही वेगळी फाईल ठेवा. आणि दर दहा मिनिटांनी ट्रॅकमध्ये पडद्यावरचं एक वाक्य जसंच्या तसं म्हणा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण पुढे की मागे ते कळतं आणि तो पॉज करून जुळवून घेतो. तिकडचे लोकही असंच काहीतरी करतात.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · १०:२५

वायरमनबाब, साष्टांग! म्हणजे दोष विनोदाचा नव्हता!

---

वायरमन · १०:२७

थांबा. मी तुमचीच चाल धरून बघितला. तरी हसलो नाही.

---

म्हापशाचा_शुक्रवार · १०:२८

हाहाहाहा. या धाग्यावरचा पहिला विनोद, आणि टायमिंग बघा.

---

सांतेरीकृपा · ११:४५

मीही ऐकला. चुकीच्या जागी एकदाच हसू आलं. बाविसाव्या मिनिटाला रो-मॅन दरीतून धापा टाकत चढतोय आणि मागून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, पों पों! इतकं चपखल की आम्ही घरातली चौघं लोळलो. तो विनोद कुणाला सुचला?

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · ११:५२

तो खराच पोदेर होता. 😔 पंखा बंद ठेवून रेकॉर्डिंग चाललेलं, घामाने जीव जायची वेळ, म्हणून खिडकी उघडली होती. पुसून टाकायचं राहून गेलं.

---

सांतेरीकृपा · ११:५५

पुसू नका हो!

---

तांबडीमाती · दुपारी १:१५

मला या सगळ्याचा थोडा त्रास होतो. आनंदात विरजण घालायचं नाही, पण लिहितो.

गावच्या जात्रेच्या नाटकांत मी पंधरा वर्षं कामं केली. मुकुट पुठ्ठ्याचे, तलवारीला चंदेरी कागद. एका वर्षी आमच्या शंकराच्या गळ्यातल्या रबरी नागाची शेपटी पेटीवाल्याच्या पेटीत अडकली. लोक हसले, आम्हीही हसलो. पण पुढच्या वर्षी शहरातून आलेल्या काही पोरांनी पहिल्या रांगेत बसून रात्रभर शेरे मारले. माझ्याबरोबर काम करणारा एक गवंडी, दिवसभर चिरे चढवून रात्री पाठांतर करायचा. तो त्यानंतर रंगमंचावर चढलाच नाही.

या 'रोबॉट मॉन्स्टर'चा दिग्दर्शक फिल टकर. पंचविशी उलटलेला पोरगा. चार दिवसांत सिनेमा काढला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला, पुढे बरीच वर्षं जगला. पण हे कळल्यापासून मला तो गोरिला बघून पूर्वीसारखं हसता येत नाही.

---

दीड_शहाणा · १:३०

तांबडीमातीकाका, आदर आहे पण हे जरा जास्त होतंय. पैसे घेऊन तिकीट विकलं की प्रेक्षकाला हसायचा हक्क आहे. आणि हा तर थ्रीडीत दाखवलेला सिनेमा! उद्या हॉटेलातल्या आंबलेल्या सोलकढीलाही नावं ठेवायची नाहीत का, कोकमं सोलणाऱ्याचं वाईट वाटेल म्हणून?

---

तांबडीमाती · १:४१

सोलकढीला ठेवा. कोकमं सोलणारीला नको. फरक एवढाच.

---

काजूबी · १:५०

+१ तांबडीमाती. आता ट्रॅकमध्ये बोचलेलं सांगते. तुम्ही दोन ठिकाणी त्या लहान मुलीच्या अभिनयावर आणि एकदा हिरॉइनच्या अंगकाठीवर बोललात. तिथे माझ्याकडचे सगळे गप्प झाले. गोरिलावर हवं तेवढं बोला, तो पोशाखाच्या आत आहे.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · २:२०

मान्य. ते काढतो. फिल टकरचं मला माहीत नव्हतं.

पण तरी मूळ प्रश्न राहतोच. पोशाखावरचे, संवादांवरचे शंभरेक विनोद उरतातच ना. तेही का पडले?

---

जावक_क्रमांक · ३:०५

(नुकताच सेवानिवृत्त, कोणत्या खात्यातून ते सांगणार नाही.)

सिनेमा काल बघितला. तुम्हा तिघांच्या नजरेतून सुटलंय, पण हा विज्ञानपट नाहीच. ही एका बदली झालेल्या कर्मचाऱ्याची कहाणी आहे. आडगावी एकटा. कार्यालय म्हणजे गुहा, सामान म्हणजे एक टेबल आणि एक बिघडलेलं यंत्र. वरचा साहेब, तो 'ग्रेट गायडन्स', मुख्यालयातून फक्त पडद्यावर दिसतो आणि आकडेवारी मागतो. साहेबाच्या अंगावरही तोच गोरिलाचा पोशाख! म्हणजे खात्यातर्फे मिळालेला गणवेश. नमुना म्हणून हे घ्या:

ग्रेट गायडन्स: "आपल्या कार्यक्षेत्रात आठ इसम अद्याप जिवंत असल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा सादर करावा."

रो-मॅन: "साहेब, सात झाले असते. एक जण जेवणाच्या सुट्टीत निसटला."

ग्रेट गायडन्स: "आणि ते फुगे?"

रो-मॅन: "तो मागच्या माणसाच्या काळातला स्टॉक आहे, साहेब. चार्ज घेताना मी शेरा मारलाय."

---

मांडवीपल्याड · ३:१२

"चार्ज घेताना मी शेरा मारलाय"!!! चहा नाकातून आला.

---

पेडण्याची_पोर · ३:२०

जावककाका, तुम्ही या लोकांना आत्ताच्या आत्ता नोकरीवर ठेवा.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · ३:३१

आम्ही ४१२ विनोद लिहिले आणि काकांनी तीन वाक्यांत आमचा बाजार उठवला. आमच्या औषधवाल्यालाही उत्साह आलाय. माणसं किरणांतून वाचतात ती प्राध्यापकाने शोधलेल्या अँटिबायोटिकमुळे. हा म्हणतो, तिथे मी नुसतं म्हणणार, "पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडलात तर रो-मॅन परत येईल." आणि सिनेमाच्या शेवटी तो खरंच परत येतो! गुहेतून एकदा, दोनदा, तीनदा. तोच शॉट.

---

दीड_शहाणा · ३:४०

पण मग कोणत्या मराठीत? आत्ताचा ट्रॅक मला ना धड पुण्याचा वाटला ना फोंड्याचा. "अरे मित्रा, हे काय चाललंय" असं कोण बोलतं तुमच्या घरी?

---

पेडण्याची_पोर · ३:४८

+१००. टवाळी करताना आपण सगळे कोंकणीत घसरतो. तिघं जणं गप्पा मारताना "कितें रे हें!" असंच निघणार. गोरिलाने शुद्ध मराठी बोलावं आणि बघणाऱ्यांनी आपलं बोलावं.

---

पुणेरी_पाहुणा · ४:००

मग आम्हाला कळणार कसं?

---

पेडण्याची_पोर · ४:०३

सबटायटल देऊ. पुण्याच्या लोकांसाठी खाली सुविचारही टाकू.

---

मांडवीपल्याड · ४:१०

कृपया इथे मराठी-कोंकणी सुरू करू नका. कित्येक वर्षांपासून चाललेला धागा आहे तो, अजून बंद झालेला नाही. गोरिलावर बोला.

---

पडद्यामागे · रात्री ९:१५

मी इथे फारसा लिहीत नाही. टंकायला वेळ लागतो. पण दुपारपासून वाचतोय आणि राहवत नाही.

मी २८ वर्षं गावोगावच्या उत्सवी नाटकांना सूचक होतो. डिचोलीपासून काणकोणपर्यंत. विंगेत स्टूल, हातात पुस्तक, वर चाळीसचा बल्ब. नाटक रात्री अकराला सुरू व्हायचं, संपेपर्यंत कोंबडे. हौशी नट, दिवसा कामाला जाणारे, कधी अर्धं पाठ तर कधी तेवढंही नाही. तेव्हा सिनेमा चालू असताना त्याच्यावर बोलायचं कसं, हे मला थोडं कळतं असं वाटतं, कारण मी जन्मभर तेच केलं. फरक इतकाच की माझं बोलणं ऐकू जाऊ नये अशी अपेक्षा होती.

पहिली गोष्ट. सूचक वाक्यावर वाक्य टाकत नाही. नट बोलतोय तोवर तोंड बंद. तो थांबला की लगेचही नाही. तो विचार करून थांबलाय की विसरून थांबलाय, ते त्याच्या पाठीवरून ओळखायचं. विसरला असेल तरच पहिले दोन शब्द द्यायचे. वाक्य नाही, दोनच शब्द. तुमचा ट्रॅक माझ्या नातवाने मला लावून दिला. तुम्ही त्या गोरिलाला श्वासच घेऊ देत नाही. तो हात वर करतो तेव्हा तुम्ही बोलता, खाली करतो तेव्हा बोलता, तो बोलतो तेव्हाही बोलता. मला ना तो ऐकू आला, ना तुम्ही.

दुसरी गोष्ट घडलेली सांगतो. एका गावात ऐतिहासिक नाटक होतं. त्या वर्षी मंडळाने नवीन माईक आणले होते, त्यातला एक विंगेच्या अगदी तोंडाशी. माझ्या लक्षात आलं नाही. पहिला अंक लोकांनी दोनदा ऐकला, आधी माझ्याकडून, मग नटाकडून. दुसऱ्या अंकात सरदाराचं काम करणाऱ्याने एकदम तिसऱ्या अंकातलं वाक्य घेतलं, जिथे महाराणी आधीच मेलेली आहे. महाराणी समोर उभी. माझ्या तोंडून गेलं, "अरे बाबा, मारू नको तिला, तिचं अजून गाणं व्हायचंय!" सगळ्या मांडवात ऐकू गेलं. लोक असे हसले की पाच मिनिटं नाटक थांबलं. ती महाराणीसुद्धा पदर तोंडात धरून हसत होती. पुढची दहा वर्षं त्या गावात मी गेलो की कोणीतरी म्हणायचं, "गाणं झालं का हो?"

मी विनोद केला नव्हता. मला खरोखर त्या नाटकाची काळजी होती. कसंही करून ते पहाटेपर्यंत न्यायचं होतं. लोकांना हसू आलं ते त्या काळजीचं. तुमच्या ट्रॅकमध्ये तुम्हा तिघांना त्या माकडाची काहीच काळजी नाही. ते पडलं काय, मेलं काय. त्या जावकवाल्या गृहस्थांना आहे. ते त्याच्या बाजूने बोलले.

तांबडीमाती यांनी लिहिलेला गवंडी मला माहीत नाही, पण तसे मी बघितलेत. त्यांना पुन्हा उभं करायला दोन शब्द पुरतात.

चूकभूल द्यावी घ्यावी.

---

काजूबी · ९:३०

पडद्यामागेकाका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा ना, प्लीज.

---

म्हापशाचा_शुक्रवार · ९:३३

इतक्या वेळात पहिल्यांदाच मला काही टवाळ सुचत नाहीये. "गाणं झालं का हो" मात्र मी वापरणार.

---

तांबडीमाती · ९:५०

काका, वाकून नमस्कार.

---

वायरमन · १०:०५

काकांचं म्हणणं मी आकड्यात सांगतो. ४१२ विनोद, ६६ मिनिटं. म्हणजे साडेनऊ सेकंदाला एक. त्यात सिनेमातले लोकही बोलतात. जागा उरतच नाही. आधी सिनेमा बघून नुसत्या रिकाम्या जागा लिहून काढा, किती सेकंदांच्या आहेत ते. मग त्यात मावेल तेवढंच लिहा.

आणखी एक. सिनेमाचं संगीत ऐकलंत का कधी, तुमच्या बडबडीखालून? एल्मर बर्नस्टाइनचं आहे. त्याच माणसाने पुढे 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला (१९६०) संगीत दिलं. गोरिला दरीत ठेचकाळत चाललाय आणि मागे असं जीव तोडून वाजवलंय जणू महाभारत चाललंय. तिथे गप्प बसणं हाच विनोद.

---

दीड_शहाणा · १०:२०

आणि त्यातले डायनोसॉर? ते तर दुसऱ्याच सिनेमातून उचललेत, १९४०च्या 'वन मिलियन बी. सी.'मधून. पाठीवर माशासारखा पर चिकटवलेली मगर आणि तिच्याशी झुंजणारा सरडा. तिथे काय करणार, गप्पच बसणार?

---

जावक_क्रमांक · १०:२६

तिथे: "इतर विभागाकडून उसनवारीवर प्राप्त." बस.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · पुढचा रविवार, संध्याकाळी ७:४०

मंडळी, आठवडाभर गायब होतो. पाऊस सुरू झाला, पत्र्यावर असा आवाज की रेकॉर्डिंग अशक्य. शेवटी औषधवाल्याच्या गोदामात, खोक्यांच्या मध्ये बसून केलं. खोकी आवाज चांगला शोषतात. दोनदा वीज गेली.

फक्त पहिली वीस मिनिटं केलीत. त्यात विनोद उरले ३८. जागा मोजून. जावककाकांनी फोनवरून ग्रेट गायडन्सचा आवाज दिलाय. साहेब लांबून बोलतोय असा खरखरीत आवाज हवाच होता, फोनने फुकटात दिला. गोरिला शुद्ध कार्यालयीन मराठीत, आम्ही तिघे आमच्यासारखे. पेडण्याच्या पोरीचं ऐकलं. पुणेरी पाहुण्यांसाठी सुविचार टाकलेले नाहीत.

मुलीवरचं, हिरॉइनवरचं सगळं काढलं. सुरुवातीला फिल टकरचं नाव येतं तिथे आम्ही काहीच बोलत नाही.

पोदेर ठेवला. जुन्या ट्रॅकमधून कापून थोडा अलीकडे आणून चिकटवला.

दोन फाईली आहेत, एक साधी आणि एक पालची. काजूबी, तुम्ही दुसरी घ्या.

---

काजूबी · ८:५५

टाचणीवर बसतोय! गोरिला आला तेव्हा गोरिलाच आला! आणि टेबल हलतं तेव्हा तुमचा तो तारवटी जे म्हणतो, "सांभाळून, बोट लागली असेल", त्यावर आई दोन मिनिटं हसत होती. तिचा भाऊ बोटीवर होता.

---

सांतेरीकृपा · ९:१०

पोदेर आता चुकीच्या ठिकाणी आलाय. तेव्हा रो-मॅन धापा टाकत होता, आता उभा आहे. पूर्वीचं गेलं ते गेलं.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · ९:१८

बाहेरच काढतो मग. एक सांगायचं राहिलं. बायकोला मुद्दाम ऐकवलं नाही. हॉलमध्ये लावून आम्ही तिघे बसलो होतो, ती आत होती. अकराव्या-बाराव्या मिनिटाला आतून आवाज आला, "मग त्याची बदली रद्द झाली का?"

---

म्हापशाचा_शुक्रवार · ९:२०

आठळ्या संपल्या वाटतं.

---

सुशेगाद_शास्त्रज्ञ · ९:२२

पाऊस लागला, फणस संपले. तेही कारण असू शकेल.

---

पुणेरी_पाहुणा · ९:४५

ऐकला. कोंकणी निम्मी कळली, हसू पूर्ण आलं. परंपरेविषयी बोललो त्याबद्दल क्षमस्व.

---

पडद्यामागे · १०:३०

नातवाने लावून दिला. एकोणिसाव्या मिनिटाला तुम्ही तिघे एकदम बोललात. तिथे एकानेच बोलायचं. औषधवाल्याने. बाकी बरं आहे. पुढचं कधी?